पडद्यावरच्या तीन पाट्या

खडकी बाजारात दोन तास हिंडल्यावर भीमराव गायकवाडांच्या लक्षात आलं, की ज्याला शोधायला आपण आलो त्याचं आडनावसुद्धा आपल्याला माहीत नाही. पानाच्या गादीवरच्या माणसाने विचारलं, "कोण मैनुद्दीन? या गल्लीत तीन आहेत. अत्तार, तांबोळी की शेख?" भीमराव म्हणाले, पेंटर. गाड्यांचा की घरांचा, असा पुढचा प्रश्न आला. पाट्यांचा, म्हटल्यावर त्याने रस्त्यापलीकडच्या एका गाळ्याकडे मान हलवली. गाळ्यात फ्लेक्स छापायचं यंत्र घरघरत होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, की म्हातारबुवांनी जागा सोडून चार वर्षं झाली. नंतर ते कुठल्याशा कॉम्प्युटरच्या दुकानात होते, तिथूनही गेले. मिरजेला गेले म्हणतात, मुलीकडे की बहिणीकडे ते ठाऊक नाही. मग यंत्रातून निघणाऱ्या कापडावरची नजर न काढता त्याने विचारलं, "तुमचे कोण ते?"

"माझ्याकडे यायचे," एवढं म्हणून ते बसथांब्याकडे वळले.

खरं तर दीड वर्ष हा माणूस दर सोमवारी त्यांच्या घरी येत होता. चहात तो दोन चमचे साखर घ्यायचा. खाली बसताना त्याचा डावा गुडघा वाजायचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कड रंगाने कायमची निळसर झाली होती. एकदा चहा पिताना तो म्हणाला होता, की हुस्नबानूला आल्याचा चहा सोसत नाही. हुस्नबानू ही बायको, मुलगी की बहीण, हे भीमरावांनी विचारलं नाही. त्या दिवशी विचारणं आगाऊपणाचं वाटलं आणि पुढे, इतके दिवस विचारलं नाही तर आता कसं विचारायचं, असं वाटत राहिलं. मैनुद्दीनची त्यांना ओळख झाली ती कॉम्प्युटरच्या पडद्यापुरती. तेवढीच सांगता येण्यासारखी आहे.

भीमरावांनी दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आणि मुलीने, चैतालीने, कर्वेनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन दिला. तिथे राहायला आल्यावर वर्षाच्या आत पत्नी हिराबाई गेल्या. पाठोपाठ चैतालीला अमेरिकेची नोकरी लागली. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. तारखेतले सालाचे आकडे बदलायच्या कामाला तिकडे माणसं कमी पडत होती आणि पुण्यातली शिकलेली मुलं विमानं भरभरून चालली होती. जाताना ती घरात एक कॉम्प्युटर बसवून गेली. "बाबा, फोन महाग पडतो आणि पत्राला पंधरा दिवस लागतात. यावर रोज लिहिता येईल," म्हणाली. दोन संध्याकाळी तिने शिकवलं. भीमरावांनी वहीत एकतीस पायऱ्या लिहून घेतल्या.

ती गेल्यावर वही उघडून ते पडद्यासमोर बसले. पडद्यावर बेचाळीस चित्रं होती. स्टोअरवाल्या माणसाने ती मोजली होती. सोळाव्या पायरीला बोट कुठेतरी चुकलं आणि मधोमध एक चौकट उघडली. तिने इंग्रजीत विचारलं, तुमची खात्री आहे का? भीमरावांना आयुष्यात कशाचीच पक्की खात्री नव्हती. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

त्यानंतर ते चौकातल्या सायबर कॅफेत जाऊ लागले. तिथला माणूस, ते सांगतील ते टाइप करायचा, पण टाइप करताना मोठ्याने म्हणायचा. शेजारच्या खुर्च्यांवर कॉलेजची मुलं बसलेली असायची. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तू नव्हतीस, संध्याकाळी घर खायला उठतं, तू येणार कधी, हे असं चारचौघांत सांगून टाइप करून घेणं त्यांना जमलं नाही. म्हणून दर आठवड्याला एकच मजकूर जायचा. मी बरा आहे, तब्येत ठीक, काळजी नसावी. चौथ्या की पाचव्या खेपेला कॅफेवाला म्हणाला, "आजोबा, मागचंच परत पाठवू का? तुमचाही वेळ वाचेल."

कॉम्प्युटर धूळ खात पडलाय हे चैतालीने ओळखलं आणि ज्या दुकानातून तो घेतला होता त्यांना कळवलं. दुकानाने माणूस पाठवला. तो मैनुद्दीन.

वयाने तो भीमरावांपेक्षा चार-सहा वर्षांनीच लहान असेल. त्याने यंत्र उघडलं, फुंकर मारली, परत लावलं. सुरू करून पाहिलं. मग दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत उभा राहिला.

"साहेब, मशीनमध्ये बिघाड काही नाही. पाटी चुकलीय," तो म्हणाला.

भीमरावांना कळलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं. तीस वर्षं तो खडकी बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवत होता. आधी रेडियमची कापीव अक्षरं आली, मग फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. ज्या कॉम्प्युटरने पोटावर पाय दिला त्याच्याच दुकानात तो खोकी उचलायला आणि वायरी जोडायला लागला. पण नजर पेंटरचीच राहिली होती. माणूस पाटी थांबून वाचत नाही, चालता चालता वाचतो, असं त्याचं म्हणणं. तीन ओळींच्या वर मजकूर गेला की ती पाटी राहत नाही, तिची पोथी होते. इथे तर बेचाळीस.

"तुम्हाला यातलं लागतं काय?" त्याने विचारलं.

भीमरावांनी विचार करून सांगितलं. पत्र आलं की नाही ते बघायचं, पत्र लिहायचं, आणि शेवटी बंद करायचं.

"मग तीनच," मैनुद्दीन म्हणाला, आणि खिशातून स्टीलची फूटपट्टी काढून पडद्याची काच मोजू लागला.

पुढच्या सोमवारी दुकानाला सुट्टी होती. त्या दिवशी तो पुठ्ठा आणि रंगाच्या डब्या घेऊन आला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याने एकाखाली एक अशा तीन पाट्या रंगवल्या. मागची जमीन पिवळी, अक्षर काळं, कडेला लाल रेघेची दोरी. अक्षरं पूर्ण झाल्यावर शिरोरेघ मारायची ही त्याची पद्धत. आधी अक्षर स्वतःच्या पायावर उभं राहू दे, मग छप्पर घालू, असं म्हणायचा. पहिल्या पाटीवर काय लिहायचं यावरून थोडी घासाघीस झाली. भीमरावांना ‘आलेली पत्रे’ असं व्यवस्थित हवं होतं.

"मशीनपुढे बसताना तुम्ही मनात काय म्हणता?" मैनुद्दीनने विचारलं.

"पत्र आलं का."

"मग पाटीवर तेच."

अशा तीन पाट्या झाल्या. पत्र आलं का? पत्र लिहा. बंद करा. खाली जागा उरली तिथे त्याने बारीक अक्षरात घातलं, ‘घाबरू नये. काही मोडत नाही.’ त्याच्याआधी ‘कृपया’ घालावं असं भीमराव सुचवत होते. "पुण्यातली पाटी आहे साहेब. कृपया लिहिलं की लोकांना संशय येतो," असं म्हणून त्याने ब्रश धुऊन टाकला.

पुठ्ठ्याचा फोटो त्याने दुकानातल्या स्कॅनरवर काढला आणि पडद्यावरच्या चित्रांच्या पाठीमागे लावला. बेचाळीसपैकी तीन चित्रं ठेवली, बाकीची एका कप्प्यात घालून दृष्टीआड केली. तिन्ही चित्रांखालची इंग्रजी नावं पुसली, आणि एकेक चित्र ओढत नेऊन आपापल्या पाटीवर टेकवलं. पाहणाऱ्याला वाटावं, की पाटी हीच कळ आहे. प्रत्यक्षात पाटी मागे भिंतीवर होती आणि चित्र पुढे सुटं उभं होतं. हे त्या दोघांनाच माहीत होतं आणि दोघांनाही त्यात काही गैर दिसलं नाही.

त्या संध्याकाळी भीमरावांनी दार लावून घेतलं आणि ‘पत्र लिहा’ दाबलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने. ओळीला दहा मिनिटं लागत होती. कॅफेत जे सांगता आलं नव्हतं ते सगळं त्यांनी लिहिलं, हिराबाईंच्या शेवटच्या दोन दिवसांविषयीसुद्धा. सकाळी पहिल्या पाटीवर दाबलं. चैतालीने विचारलं होतं, बाबा, हे तुम्ही एकटे बसून लिहिलंत? आणि त्याखाली तिचंही पानभर होतं. बापलेकींमध्ये इतकं बोलणं ती इथे असताना कधी झालं नव्हतं.

काम झालं तरी मैनुद्दीन सोमवारी येत राहिला. काच पुसायचा. कधी एखादी वेलांटी मनाला आली नाही म्हणून पुठ्ठा नव्याने रंगवून आणायचा. बाकीचा वेळ दोघे गॅलरीत बसायचे. बोलणं फारसं नसायचंच. समोरच्या सोसायटीच्या पाटीत ‘वाहने’ची मात्रा कशी घसरलीय, इतपत.

असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. मग एका सोमवारी तो आला तो थोडा वाकलेलाच. एक पडदा उचलताना पाठीत काहीतरी भरलं होतं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच स्वतःविषयी चार वाक्यं सलग सांगितली. कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या वीसेक सभासदांना एकदम कॉम्प्युटर घ्यायचे होते. बहुतेकांची मुलं परदेशात, आणि बहुतेकांची भीमरावांसारखीच गत. दुकानाच्या मालकाने मैनुद्दीनला सांगितलं होतं, की तुझ्या पाट्या संघाला पसंत पडल्या तर यापुढे तू तेवढंच काम कर, वजन उचलू नकोस. नाही पडल्या तर ज्याला उचलता येत नाही असा माणूस ठेवून मी काय करू.

"तुम्ही त्या संघात आहात ना?" मैनुद्दीनने विचारलं. "वेळ आली तर दोन शब्द बोला. तुमच्याकडे चालतंय एवढंच."

"बोलेन की," भीमराव म्हणाले.

संघाच्या सभेच्या दिवशी भीमरावांचाच कॉम्प्युटर न्यायचं ठरलं. रिक्षात दोघांनी तो मांडीवर घेतला. हॉलमध्ये दुकानाचा इंजिनिअर, सौरभ, मोठा पडदा जोडून तयार होता. सौरभ सज्जन मुलगा. त्याने विचारलं, "काका, स्क्रीन मोठी आहे, तर सेटिंगपण मोठं करू का? मागच्यांना नीट दिसेल." मैनुद्दीन म्हणाला, करा की. त्याच्या हिशेबात हे रोजचं काम होतं. लहान कागदावरचं चित्र चौकटी आखून भिंतीवर मोठं करतात तेव्हा अक्षर, बोर्ड, दोरी, सगळं त्याच प्रमाणात वाढतं. आयुष्यभर त्याने तसंच केलं होतं. मग तो खुर्च्या सरळ करायला मदत करू लागला.

पडद्यावर पाट्या मोठ्या झाल्या आणि खाली सरकल्या. चित्रं मात्र मोठी झाली नाहीत आणि हललीही नाहीत. त्यामुळे ‘बंद करा’चं चित्र बरोबर ‘पत्र लिहा’च्या पाटीवर येऊन बसलं. हे ना सौरभच्या ध्यानात आलं, ना मैनुद्दीनच्या. भीमराव शेवटून दुसऱ्या रांगेत, तिथून त्यांना पिवळा रंग तेवढा दिसत होता.

संघाचे अध्यक्ष घाटपांडे निवृत्त प्राचार्य. त्यांनी चष्मा बदलला, पाटी मोठ्याने वाचली, "पत्र लिहा," आणि दाबलं. पडदा निळा झाला, काळा झाला आणि यंत्राचा आवाज थांबला.

"वा. पत्र लिहायची कटकटच मिटली," घाटपांडे म्हणाले.

हॉल हसला. यंत्र पुन्हा सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कुणीतरी म्हणालं, की बालवाडीत अशीच चित्रं असतात, पुढच्या सभेला डबे घेऊन येऊ. पुन्हा हसले. पडदा उजळल्यावर मैनुद्दीनला चूक दिसली. तो चित्रं ओढून जागेवर नेऊ लागला, पण इतकी माणसं पाठीशी असताना चित्र मध्येच सुटून भलतीकडे पडत होतं. ज्या हाताने तो वीस फुटी पाटीवर दोरी न वापरता सरळ रेघ मारायचा तोच तो हात. सौरभने अध्यक्षांना हळूच समजावलं, की हा प्रोग्रॅम नाही, मागे लावलेला फोटो आहे, प्रत्येक मशीनवर वेगळा बसवावा लागेल. बोलला ते खोटं नव्हतं.

घाटपांडे टोमणे मारणारे, पण न्यायाचे होते. त्यांनी सभेला विचारलं, "आपल्यापैकी कुणी हे घरी वापरून पाहिलं आहे का? असेल तर ऐकून घेऊ या."

हीच ती वेळ. मैनुद्दीनने भीमरावांकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. पाहिलं असतं तर कदाचित उठलो असतो, असं भीमराव नंतर स्वतःला सांगत आले, पण ते खरं आहे की नाही हे त्यांनाही ठरवता आलं नाही. संघात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. अवतीभवती बँकेतले, विद्यापीठातले, वीज मंडळातले लोक. त्यांच्यात हे एकटेच कारखान्याच्या स्टोअरमधले. मुलगी अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढीच त्यांची तिथे ओळख होती. आणि ‘बालवाडी’ हा शब्द अजून हॉलमध्ये होता. उठून म्हणायचं, की हो, मला हे चित्र लागतं, त्याशिवाय मला येत नाही. त्यांनी पहिलं वाक्य मनात जुळवायला घेतलं. ‘माझ्या घरी’ म्हणावं की ‘आमच्याकडे’, इथपर्यंत ते आले होते. तेवढ्यात कुणीतरी उन्हाळी सहलीचा विषय काढला आणि सभा पुढे गेली.

परतताना रिक्षात कॉम्प्युटर पुन्हा दोघांच्या मांडीवर होता. कर्वे पुतळ्याजवळच्या खड्ड्यात दोघांनी तो एकदमच घट्ट धरला.

ही सगळी हकीकत भीमरावांनी चैतालीला कळवली, पण पुष्कळ दिवसांनी. लिहिताना स्वतःला जरा बरं दाखवायचा मोह झाला आणि म्हणून त्यांनी पत्र दोनदा खोडलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं. बाबा, मग हे त्यांना जाऊन सांगा ना. त्यावरून ते खडकीला गेले. तोवर आठ महिने होऊन गेले होते.

शेवटची भेट झाली ती सभेनंतरच्या सोमवारी. मैनुद्दीन नेहमीच्या वेळेला आला. सभेचा विषय त्याने काढला नाही. पडद्याचं सेटिंग पूर्वीसारखं केलं आणि तिन्ही चित्रं एकेक करून आपापल्या पाटीवर आणून ठेवली. या वेळी एकही चित्र मध्येच सुटलं नाही. लांबून पाहिलं, ‘बंद करा’चं चित्र आणखी केसभर डावीकडे सरकवलं. मग म्हणाला, की एक तारखेपासून दुकानात यायचं नाही असं मालक म्हणालेत. पावसाळ्यात छत गळतं असं सांगावं, तसं सांगितलं.

भीमरावांनी चहा केला. आलं घातलं नाही. त्या सहा दिवसांत त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. मी बोलायला हवं होतं. चारच शब्द. कप त्याच्या हातात देताना म्हणायचं ठरवलं होतं, मग तो चहा पीत असताना म्हणू असं वाटलं, मग कप खाली ठेवल्यावर. मैनुद्दीनने कप स्वतःच विसळून उपडा घातला. पिशवीत फूटपट्टी टाकली. दाराशी चपला घालताना त्याचा गुडघा वाजला आणि त्याने कठड्याचा आधार घेतला. भीमराव उंबऱ्यात उभे होते. एप्रिलचं ऊन जिन्यापर्यंत आलं होतं.

"मैनुद्दीन," ते म्हणाले.

तो दोन पायऱ्या खाली थांबला आणि मान वर करून बघू लागला. "बोला साहेब."

"छत्री आणलीय का?"

"आता कुठला पाऊस, साहेब?"

"नाही, आपलं विचारलं," भीमराव म्हणाले.